ठोकळ्याची मागची बाजू

संगणकावर चित्र कसं उभं राहतं, हे महाविद्यालयात ठोकळेसर शिकवत. हे त्यांचं आडनाव नव्हे. पडद्यावर एक ठोकळा आणि तो माउसने हवा तसा फिरवायचा, एवढासा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. पोरांना तो इतका आवडला की सरांना नावच चिकटलं. नोकरी हंगामी होती. यंदा तपासणी समिती खूश झाली तर सर कायम होणार होते, आणि बायकोने माहेरी तसं सांगूनही टाकलं होतं.

समितीआधी प्राचार्यांनी ठोकळा पाहिला.

"याची मागची बाजू कुठाय?"

"ती काढलेलीच नाही, साहेब. जे दिसत नाही ते काढायचं नाही. संगणकाचे कष्ट वाचतात."

प्राचार्य गहिवरले. इतकी वर्षं आपण उगाच मागच्या बाजू काढत बसलो, असं त्यांना मनापासून वाटलं. लगेच ठराव झाला. इमारतीला रंग लागला तो दर्शनी भागापुरता. ग्रंथालयात कपाटांच्या पुढच्या रांगेतलीच पुस्तकं उरली. मागच्या बाकांवरच्या मुलांना घरी बसायला सांगितलं. अखेर प्रयोगशाळेत टेबलांखालचे संगणक गेले आणि वर नुसते पडदे राहिले. ठोकळ्यापुरता एक संगणक तेवढा वाचला.

सर धावत प्राचार्यांकडे गेले. "साहेब, पाहणारा हलला की मागची बाजू पुढे येते. माउस त्यासाठीच ठेवलाय."

"समिती हलत नसते, सर. बसते."

समिती बसली. एका सदस्यांचा हात माउसकडे जाऊ लागला, तोच प्राचार्यांनी त्या हातात चहाचा कप दिला. 'आदर्श संस्था' असा शेरा मिळाला. ठोकळेसर तेव्हा पडद्यामागे वायर धरून उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना पत्र मिळालं: 'आपण समितीस दिसून न आल्याने आपणांस काढण्यात येत आहे.'

"जे दिसत नाही ते काढायचं नाही, असं म्हणालो होतो मी," सर म्हणाले. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"तोच ठराव आहे," प्राचार्य म्हणाले. " पण वाक्यात 'नाही' दोनदा येत होतं. द्विरुक्ती नको म्हणून शेवटचं गाळलं."

ठोकळा हल्ली प्रवेशद्वारापाशी काचेआड असतो, माउसशिवाय. परवा तुम्हीही लेकीचं नाव तिथे घातलंत, त्याच्यापुढे तिचा फोटो काढलात, इमारत छान आहे म्हणालात. मागून वळसा घालायला तुम्हांला कोणी मनाई केली नव्हती.