निष्कलंक सूर्याचा सरकारी फोटो

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह राज्य करत होता. तो स्वतःला सूर्यवंशी म्हणवून घ्यायचा. पुरावा काही नव्हता. पण सिंहाकडे पुरावा मागायला जाणार कोण?

त्या जंगलाचं टपाल पारवे वाहायचे. डोंगरापलीकडे पत्रं पोचवायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, असं त्यांचं काम. एकदा सात पारवे निघाले आणि चारच परत आले. बाकीच्या तिघांना दिशाच उमगली नाही. त्यांत शेवंती नावाची पारवी होती. तिची अंडी नदीकाठच्या कपारीत तिचा नवरा एकटाच उबवत बसला.

पारव्यांचे नाईक बाजीबा दरबारात गेले.

"महाराज, आमचे वाडवडील सांगायचे, सूर्यावर मोठे डाग आले की पारव्याच्या डोक्यातलं होकायंत्र बिघडतं. परवा पुन्हा उडायचंय. तेवढा सूर्य बघून घ्या."

"डाग?" सिंह गुरगुरला. "आमच्या पूर्वजावर?"

"असतील तर, महाराज. नसतील तर उडतोच आम्ही."

सिंहाने राजछायाचित्रकाराला बोलावलं. ते होते दिवाभीतशास्त्री, म्हणजे घुबड. अंधुक ताऱ्यांचे फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कॅमेरा उघडा ठेवायचा, ताऱ्यांचा उजेड थेंबथेंब साठू द्यायचा, तोवर एक डुलकी काढायची. याच पद्धतीवर त्यांना तीन शाली मिळाल्या होत्या.

शास्त्रीबुवा भर दुपारी माळावर आले. अर्थात डोळे मिटून. दुर्बिणीच्या तोंडावर सूर्याचा खास फिल्टर लावायचा असतो, याची बाजीबांनी आठवण करून दिली म्हणून लावला. नाहीतर कॅमेराही गेला असता आणि बघणाऱ्याचा डोळाही. तुम्हीसुद्धा हे विसरू नका बरं का.

"सूर्य म्हणजे केवढं प्रस्थ!" शास्त्रीबुवा म्हणाले. "त्याला घाईघाईत उरकणं शोभत नाही. दोन सेकंदांचं एक्सपोजर देतो, म्हणजे कॅमेरा तेवढा वेळ उघडा ठेवतो."

फोटो आला. कागद या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढराफेक होता. मग कोणीतरी म्हणालं, "वाहवा! एकसुद्धा डाग नाही!" मग सगळेच वाहवा म्हणाले.

बाजीबा मान वाकडी करून बघत राहिले. "महाराज, डाग नाही हे खरं. पण सूर्यही नाही."

आता हे ऐकायला दाराशी गोदाक्का बसली होती. गोदाक्का म्हणजे नदीवरची खंड्या. शेवंतीची शेजारीण. अंड्यांवर बसलेल्या त्या नवऱ्याचं तोंड तिला रोज सकाळी दिसायचं. तिने पुढे येऊन विचारलं, "मी काढून बघू का?"

"तू मासे धरणारी," शास्त्रीबुवा हसले.

"म्हणूनच म्हणते. पाणी हलत असलं की मासा वेडावाकडा दिसतो. मधेच एक पळभर पाणी ठरतं. तेवढ्यात झडप घालायची. वर हवाही अशीच हलते, बुवा."

सिंहाने परवानगी दिली. त्याला मजा बघायची होती.

गोदाक्काचाही पहिला प्रयत्न फसला, बरं का. तिने एक्सपोजर पुष्कळ कमी केलं. पण गेन, म्हणजे आलेला उजेड कॅमेऱ्यात आणखी फुगवायचं बटण, चढवलेलं तसंच ठेवलं. पडद्यावरचा उजेडाचा आलेख उजव्या कडेला जाऊन आदळला. "उतू गेलं," ती पुटपुटली. शिवाय माळ तापला होता. सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी थरथरत होती. दरबार खो खो हसला. गोदाक्काची मान खाली गेली. पण घरी जाताना कपारीत तो नवरा दिसला, आणि तिने ठरवलं, सकाळी पुन्हा.

सकाळी जमीन थंड होती. तिने गेन अगदी खाली आणला आणि एक्सपोजर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवलं. आलेख कडेच्या अलीकडेच थांबला. मग सेकंदाला शंभर फोटो, असं मिनिटभर चालवलं.

"सहा हजार फोटो?" शास्त्रीबुवा किंचाळले. "मी एकात भागवतो!"

"एकेकाला दोन सेकंद दिलेत तर शंभर व्हायला तीन मिनिटांच्या वर लागतील, बुवा. आणि प्रत्येकात हवेची सगळी थरथर कालवलेली. माझे बहुतेक वाईटच आहेत. पण हवा ठरली त्या क्षणांचे दोनशे चांगले सापडतील."

तिने ते दोनशे निवडले, एकावर एक नीट बसवले आणि कागद सिंहापुढे ठेवला. त्यावर गोल गरगरीत सूर्य होता. आणि त्याच्या गालावर जांभळाएवढा काळा डाग होता.

"काचेवरची घाण असेल," शास्त्रीबुवा म्हणाले.

गोदाक्काने दुर्बीण जराशी सरकवली. पडद्यावर सूर्य सरकला आणि डागही त्याच्याबरोबर सरकला. "घाण असती तर जागच्या जागी राहिली असती."

सिंहाने कागद पालथा घातला. मग म्हणाला, "गोदाक्का, काम चांगलं आहे. पण दरबारात लावण्याजोगं नाही."

पांढरा कागद सोनेरी चौकटीत सिंहासनामागे लागला. सूर्य निष्कलंक असल्याची दवंडी पिटली गेली. पारव्यांना उड्डाणाचा हुकूम सुटला. दुसऱ्या दिवशी सगळ्या पारव्यांना एकदम पडसं झालं. दरबारचा मानकरी पारवा भालेराव तेवढा निघाला, छाती काढून.

भालेराव नवव्या दिवशी परतला. पंखांवर समुद्राचं मीठ होतं. "प्रवास उत्तम झाला," तो म्हणाला. "फक्त डोंगर कुठे भेटला नाही." त्याच्यामागून लंगडत शेवंती आली. दोघांची गाठ खाडीवर पडली होती. डाग मावळल्यावर दिशा कळली, म्हणाली. नवरा नुसता अंड्यांवरून बाजूला सरकला.

तेव्हापासून पारवे रोज सकाळी आधी नदीवर जातात. गोदाक्का हो म्हणाली तर टपाल निघतं, नाहीतर पडसं होतं. दिवाभीतशास्त्र्यांना चौथी शाल मिळाली.

आणि परवा काय झालं माहितीये? खुद्द महाराजांना लांबच्या सोयरिकीला जायचं होतं. ते एकटेच नदीवर आले. इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "अक्का, आज कसा आहे गं?"

तात्पर्य : थोरामोठ्यांचा फोटो काढताना उजेड भरपूर घ्यावा. इतका, की काहीच दिसू नये.