अडवलेली खुर्ची

सिक्स्टेनने चोवीस तास कॉफी प्यायची नव्हती. स्वीडनमधल्या उमेओत माणसाला जेवू नको म्हटलं तर तो ऐकून घेतो. कॉफी पिऊ नको म्हटलं तर घरात कोणी गेलं का, असं विचारतो. त्याला मोह नको म्हणून संशोधक गुनबोर्गने प्रयोगशाळेतलं कॉफीचं यंत्रही चादरीखाली झाकलं होतं आणि सगळ्यांनाच बंदी घातली होती. तिच्या प्रयोगाला बारा हृदयं हवी होती. अकरा झाली होती. बारावं सिक्स्टेनचं. आज गुरुवार, आणि शुक्रवारी संध्याकाळी ती निवृत्त होणार होती.

"डोकं ठणकतंय," खाटेवर आडवा झालेला सिक्स्टेन कुरकुरला. तो जुना पोस्टमन. "हे सगळं कशासाठी, ते तरी सांग."

असं कोणी विचारलं की गुनबोर्ग खुलायची.

"हृदय म्हणजे पोरांचा वर्ग समज. ॲड्रिनलिन येतं आणि म्हणतं, पळा. पोरं उधळतात. मग ॲडिनोसिनबाई येतात. पेशीवर त्यांची खास जागा असते, ती त्यांची खुर्ची. खुर्चीत बसून त्या म्हणतात, हळू. वर्ग आवरतो."

"आणि कॉफी?"

"ती बाईंच्या आधी येऊन खुर्चीत बसते. बोलत काहीच नाही. नुसती खुर्ची अडवते."

"आमच्या पोस्टात असा एक साहेब होता," सिक्स्टेन म्हणाला.

मदतनीस तूवाने ॲड्रिनलिनसारख्या औषधाची बारीक धार सुरू केली. आधीची अकरा हृदयं मिनिटाला शंभर ठोक्यांच्या आत राहिली होती. सिक्स्टेनचं पंचाण्णव, एकशे आठ, एकशे चोवीस. तूवाने घाईने औषध बंद केलं.

"कसं वाटतंय?"

"मस्त. कालपासून पहिल्यांदाच."

गुनबोर्गने डोळे बारीक केले. "कॉफी प्यायलास तू."

"थेंबभर नाही. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, एक उघडून वाचलं नाही. मी खोटं बोलेन?"

यंत्र बिघडलं असेल म्हणून तूवाने तारा गुनबोर्गला लावल्या. एकशे बारा.

"यंत्र ठीक आहे," गुनबोर्ग म्हणाली. "मी चिडले आहे."

सिक्स्टेनचा थर्मास उघडला. आत ब्लूबेरीचं सूप.

"भूक लागली म्हणून खाल्लं मात्र," तो हळूच म्हणाला. "बाहेर डब्यात केक होता. चार तुकडे. म्हणजे, सात."

तूवाने डबा आणून वास घेतला. "वरच्या थरात कॉफी आहे, चांगली कडक. कुठल्या शहाण्याने हा इथे ठेवला?"

गुनबोर्ग खिडकीबाहेर बघू लागली. उद्याच्या निरोपासाठी केक तिनेच केला होता. बंदीतल्या बिचाऱ्यांना निदान चव मिळावी, म्हणून कॉफी दुप्पट घातली होती.

"कागदावर तूच लिहिलंयस," सिक्स्टेन म्हणाला. "कॉफी पिऊ नये. मी प्यायलो नाही. खाल्ली."

मग पुन्हा चोवीस तास. शुक्रवारचा निरोप ब्लूबेरीच्या सुपावर झाला. पाहुणे सुतकात आल्यासारखे बसले होते. शेजारच्या खोलीत सिक्स्टेनचं हृदय वर चढलं, ब्याण्णववर थबकलं आणि तिथेच राहिलं. बाई खुर्चीत होत्या. गुनबोर्गने तो आकडा दोनदा वाचला.

तूवाने यंत्रावरची चादर ओढली आणि कॉफी चढवली. कॉफीच्या वासाने लोक उठून उभे राहिले.

शेवटची सही करायला गुनबोर्ग आपल्या टेबलाशी आली, तर तिच्या खुर्चीत पेला घेऊन सिक्स्टेन.

"ऊठ."

"मी काही बोलतोय का?" त्याने सावकाश घोट घेतला. "नुसती खुर्ची अडवलीय."