दत्तोबांची हिरवी झेंडी

"एकतीस वर्षं फाटकावर काढली! एक गाडी मला चुकवून गेली न्हाई!" दत्तोबांनी घरात जाहीर केलं, आणि ते खोटंही नव्हतं.

बेत साधा होता. नात प्रतीक्षा पहिल्या नोकरीसाठी पुण्याहून अहमदाबादला निघाली होती. तिची गाडी दत्तोबांच्या घोरावाडी स्टेशनात थांबत नाही. म्हणून तिनं दारात उभं राहायचं आणि दत्तोबांनी फलाटावरून तिला हिरवी झेंडी दाखवायची. लहानपणी फाटकावर डबा घेऊन आली की ती विचारायची, "आबा, मला कवा दाखवणार झेंडी?"

"तू गाडीत बसशील तवा!"

सतरा वर्षांपूर्वी दिलेला शब्द होता.

दत्तोबा अर्धा तास आधी पोचले. काखेत इस्त्रीची झेंडी, अंगात असा कडक सदरा की वाकले असते तर मोडला असता! बाकावर जवळच्या उर्से गावच्या भामाबाई कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "आबा, लोणावळ्याची रेल्वे कवा येणार?"

झालं! तापल्या तव्यावर पाणी पडावं तसे दत्तोबा तडतडले.

"रेल्वे येत नसती, भामाबाई! येती ती गाडी. रेल्वे म्हंजी ही लोखंडाची वाट. ती हितंच असती!"

"आमी तर रेल्वेच म्हणतो."

"चुकीचं म्हणता!"

"माझा भाचा रेल्वेत हाय. त्यो काय रुळावर बसतो व्हय?"

"त्यो रेल्वे खात्यात हाय! खात्यात म्हणा!"

वीस मिनिटं हेच चाललं, तेव्हा बाकाच्या टोकाला बसलेल्या, कंपनीतली पाळी संपवून आलेल्या निलेशनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "आबा, तिकीटवाल्यालाच विचारा की."

दत्तोबा तरातरा खिडकीवर गेले. मागोमाग भामाबाई, गाठोड्यासकट!

"कुठलं तिकीट?"

"तिकीट नको. रेल्वे म्हंजी काय, ते ह्या बाईला सांगा."

"काका, मागं लाइन लागलीये."

"लाइन रुळांची! माणसांची ती रांग!"

तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला.

दत्तोबा पळाले. सत्तरीतला माणूस असा पळतो, हे घोरावाडीनं पहिल्यांदाच पाहिलं! फलाटावर पोचेतो डबे धडधडत निघून चालले होते. त्यांनी जीव खाऊन झेंडी फडकवली. शेवटच्या डब्यातल्या गार्डला ती दिसली. त्यानं सवयीनं आपली हिरवी झेंडी बाहेर काढून उत्तर दिलं: सगळं ठीक आहे!

फोन वाजला.

"आबा, मी दारातच होते. तुम्ही आला नव्हता?"

"आलतो गं... समोरनं रेल्वे गेली बघ माझ्या."

फोन ठेवून ते बाकावर बसले. झेंडीची घडी करू लागले, ती काही नीट बसेना. भामाबाई हळूच जवळ येऊन टेकल्या. बेतानं म्हणाल्या, "आबा, उद्या बी येती का हो ही... गाडी?"

"येती की," दत्तोबा म्हणाले. "रेल्वे रोज येती. पोरगी तेवढी नसती तिच्यात."