थोपटणारे अण्णा

गिऱ्हाईक शिंकलं की आमचे अण्णा गादीवरून उठून दुकानाच्या पार मागं जात आणि तिथूनच भाव सांगत. अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. दुर्गदबैलाच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. अंगाला जन्माची खाज आणि छातीत दमा.

"सर्दीवाल्यानं बाहेरच थांबा बा," ते म्हणत, "कापड मी फेकतो." आणि खरंच फेकत.

डॉक्टरांकडून ऐकलेलं ते कापड मोजता मोजता सगळ्यांना सांगत. "सर्दीचा विषाणू म्हणजे चोर. तो शिरला की रक्तातल्या शिपाई पेशी धावतात. तुमचे शिपाई चोर गेल्यावर झोपतात. माझे मूर्ख. घरच्यांनाच बडवत बसतात. मग नसा चेकाळतात, खाज सुटते. खाजवलं की नसा पुन्हा शिपायांनाच हाका मारतात. छातीतही हेच भांडण. नळ्या आवळतात."

म्हणून अण्णा खाजवत नसत, थोपटत. दंड, मान, पोटऱ्या, थप थप थप.

"अण्णा, तबला कुठं शिकलात?" एकानं विचारलं.

"घरचाच आहे," म्हणत त्यांनी लाल झालेली मान दाखवली.

जाऊबाई हयात नव्हत्या, म्हणून अण्णांच्या मुलीचं, शोभाचं बाळंतपण सांगलीला सासरीच झालं. बाळाच्या अंगावर चट्टे आहेत, सर्दी झाली की छाती वाजते, असं तिनं फोनवर सांगितलं. अण्णा फोन ठेवून म्हणाले, "माझं नाक घ्यायचं होतं. कातडी घेतली."

शोभा बाळाला घेऊन दोन दिवस येणार होती. अण्णांनी जुनं मऊ धोतर धुऊन, फाडून दुपट्यांच्या घड्या करून ठेवल्या. ती आली त्याच सकाळी अण्णांना शिंक आली. ते उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

"अप्पा, तोंडाला रुमाल बांधून एकदा तरी घ्या की याला," शोभा वडलांना म्हणाली.

"बेडा, नकोच. माझा चोर त्याच्या घरात नको."

दुपारी बाळ गाल ओरबाडत रडायला लागलं. मी थोपटत होते, पण ते राहीना. तेवढ्यात बंद खिडकीच्या फळीवर बाहेरून थप थप ऐकू आलं. "इतकं भराभर नको गं. असं," अण्णा म्हणाले. मी त्या ठेक्यावर हात धरला. बाळ झोपलं. फळीवरचा हात मात्र बराच वेळ थांबला नाही.

निघताना शोभानं रिक्षातून बाळ उंच धरून दाखवलं. अण्णा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभे होते.

सर्दी उतरल्यावर ते दुकानात बसू लागले. गिऱ्हाईक नसलं की मांडीवर एक उरलेलं दुपटं घेत आणि हळूहळू थोपटत राहत.