घोरपडबाई आणि प्रगतिपथ

एका जंगलात, बाळांनो, एक कचेरी होती. हसू नका. जिथे एक जण काम करतो आणि चौघे ते बघतात, तिथे आज ना उद्या कचेरी होतेच.

हिचं नाव तपासणी कचेरी. जंगलात सगळ्यांसाठी जे काही बांधलं जाई, म्हणजे पाणवठा, पायवाट, बंधारा, ते धड झालंय का हे बघायचं आणि महाराजांना सांगायचं. महाराज म्हणजे सिंह, हे तुम्हाला ठाऊक असेलच. कचेरीची तपासणी पूर्ण झाली की महाराज दुरुस्तीचा हुकूम देत. त्याआधी नाही. नियम तो नियम.

कचेरीत सगळ्यांत जुन्या तपासनीस होत्या घोरपडबाई. दिसायला ओबडधोबड, बोलायला त्याहून. पण एकदा एखाद्या कामाला चिकटल्या की सुटायच्या नाहीत. खोटं कशाला बोलू, त्यांना याचा थोडा गर्वही होता. अस्वलाने बांधलेला पोकळ पूल आपण कसा पकडला, हे त्या पाहुण्यांना न विचारता सांगत.

यंदा बाईंच्या वाट्याला आला तळ्याचा बंधारा. बांधलेला रानडुकराने, आणि त्याच्या बरोबर खाली सशांची वाडी. बाई बंधाऱ्यावर चढल्या, उतरल्या, शेपटीने ठोकून पाहिलं. आत दगड नव्हताच. सगळा चिखल आणि पालापाचोळा, वरून नुसता मुरमाचा हात फिरवलेला. पायथ्याशी ओल धरली होती.

वाडीत रुपी नावाची एक सशीण राहायची. पोरंबाळं पदरात. ती बिळाच्या तोंडाशी उभी राहून हे सगळं बघत होती. तिने विचारलं, "मावशी, टिकेल ना हो?"

बाईंनी उगाच गोड गोड सांगितलं नाही. मोठा पाऊस आला की हा बंधारा जाणार, म्हणाल्या. पण त्याआधी दुरुस्ती होईल, मी आहे ना. रुपीचा जीव भांड्यात पडला. घोरपडबाई आहेत म्हटल्यावर काळजी कसली?

आता इकडे दरबारात काय घडलं ते ऐका.

शेजारच्या जंगलातला वाघ महाराजांकडे पाहुणा आला होता. जेवणं झाली, आणि वाघाने सहज विचारलं, तुमच्या तपासणी कचेरीने यंदा जी कामं ठरवली होती ती कुठवर आली? महाराजांना सांगता येईना. पाहुण्यासमोर अगदी शोभा झाली. पाहुणा गेला, आणि महाराजांनी कचेरीला बोलावून तोच प्रश्न केला. तपासलं पुष्कळ होतं, पण काय ठरवलं होतं आणि त्यातलं किती झालं, हे कोणी जुळवून पाहिलंच नव्हतं.

बोलले फक्त पोपटराव. कचेरीत त्यांचं काम बोलण्याचंच होतं. ते म्हणाले, "महाराज, सगळी कामं प्रगतिपथावर आहेत."

महाराज खूश झाले. म्हणाले, "वा. कुठे आहे हा पथ? बघू तरी."

बाळांनो, ही नुसती बोलायची पद्धत आहे, असा पथबिथ काही नसतो, हे एकाने तरी सांगायचं की नाही? पण सिंहाला शिकवायला जायचं म्हणजे आपल्या पायाने त्याच्या ताटात जाणं. पोपटराव जराही गडबडले नाहीत. झाडलोट चालली आहे, लवकरच दाखवतो, म्हणाले.

आणि त्यांनी खरंच पथ बांधून घेतला. कचेरीपासून थेट महाराजांच्या गुहेपर्यंत. चांगला उंच भराव, त्यावर मुरूम, दोन्ही कडांना गेरू-चुन्याने रंगवलेले दगड. मोठा माणूस येणार म्हटलं की आपल्याकडे दगडांनाही रंग लागतो, तसंच. बरं, बंधाऱ्यात नसलेले दगड इथे कसे मिळाले, हे मला विचारू नका.

नियम सोपा होता. ज्याच्याकडे जी तपासणी, तिची पाटी त्याने गळ्यात घालायची आणि पथावर चालायचं. कचेरीपाशी तपासणी सुरू, गुहेपाशी पूर्ण. पूर्ण झाली की पाटी काढून ठेवायची आणि पथावरून खाली उतरायचं. महाराज रोज सकाळी गुहेच्या दारात बसून बघत. पथावर गर्दी दिसली की म्हणत, केवढी ही प्रगती.

पहिल्याच आठवड्यात मुंगसाने जांभळीच्या बनाची तपासणी संपवली. बिचारा पाटी काढून खाली उतरला. दुसऱ्या दिवशी महाराजांनी पाहिलं, तर पथावर एक जण कमी. त्यांच्या कपाळाला आठी पडली. प्रगती कमी झाली म्हणाले. मुंगसाची बदली झाली माळावर, जिथे तपासायला एक वारूळसुद्धा नव्हतं.

तेव्हापासून सगळे शहाणे झाले. पथाच्या मध्यावर एक करंजाचं झाड होतं. तिथवर जायचं, सावलीत टेकायचं आणि मागे फिरायचं. हरीण फिरे, कोल्हा फिरे, तरस तर झाडाला हातही न लावता फिरे. पथ कायम भरलेला, आणि महाराज कायम प्रसन्न.

घोरपडबाई या भानगडीत नव्हत्याच. त्या बंधाऱ्यावर होत्या. काम संपवून कचेरीत आल्या तो पोपटराव वाटच बघत होते.

"बाई, तुम्ही पथावर दिसला नाहीत. कुठे होता?"

"बंधाऱ्यावर. बंधारा तपासत होते."

"कमाल झाली. तपासणी इथे चाललीय, आणि तुम्ही तिकडे काय करताय?"

बाईंना आधी वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग त्यांनी सांगितलं की तपासणी झाली, बंधारा सडका आहे, खाली वाडी आहे, महाराजांना आत्ताच्या आत्ता सांगा. पोपटरावांनी मान हलवली. पूर्ण म्हणून कसं सांगायचं, बाई? तुमची पाटी तर अजून पथावर चढलीच नाही. आणि लगेच पूर्ण केलीत तर पथ रिकामा दिसेल. थोडं चाला. सगळे चालतात.

बाई संतापल्या. पण दुरुस्ती हवी तर हुकूम हवा, आणि हुकूम त्या गुहेत. आलिया भोगासी असावे सादर, असं म्हणून त्यांनी पाटी गळ्यात अडकवली आणि चालायला लागल्या. आभाळ भरून येत होतं. करंजाचं झाड आलं. सगळे मागे वळले. बाई वळल्या नाहीत. तशाच सरळ गुहेच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मुंगसानंतर इतकं कोणी गेलंच नव्हतं, म्हणून महाराजही दचकले.

बाई म्हणाल्या, "महाराज, तळ्याचा बंधारा फुटणार आहे. सशांची वाडी वाहून जाईल. हुकूम द्या."

महाराजांनी मागे उडत आलेल्या पोपटरावांकडे पाहिलं. "बंधाऱ्याचं काय?"

"प्रगतिपथावर आहे, महाराज."

महाराजांनी निःश्वास सोडला. "मग झालं तर. बाई, तुम्ही उगाच घाबरवता हो."

बाईंना रडू आलं. घोरपडीला रडताना कोणी पाहिलेलं नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नाही. इतकी वर्षं ज्याला त्याला सांगत आले की मी चिकटले की सुटत नाही, आणि आज चिकटायला हाताशी काही उरलंच नाही. त्यांनी पाटी तिथेच टाकली आणि धावत वाडी गाठली.

सशांना त्यांनी सांगितलं, निघा. म्हातारे ससे म्हणाले, हुकूम आहे का? बाई म्हणाल्या, नाही. म्हाताऱ्यांनी कान पाडले आणि विचार करायला बसले. रुपीने मात्र पोरं गोळा केली आणि चालायला लागली. ती निघाली तशी वाडी निघाली. जवळपास उंच आणि कोरडी जागा एकच होती. ते सगळे पथावर चढले, आणि भर दुपारी पाऊस कोसळला. बंधारा उभ्या उभ्या बसला. पाणी वाडीवरून गेलं, आणि बिळं कुठे होती हेही कळेना. जीव मात्र सगळ्यांचे वाचले.

दुसऱ्या दिवशी महाराज गुहेच्या दारात येऊन बसले आणि बघतच राहिले. पथावर तीळ ठेवायला जागा नव्हती. म्हातारे, पोरं, लेकुरवाळ्या, सगळे पथावर. महाराजांचा ऊर भरून आला. आजवर इतकी प्रगती कोणाच्या राज्यात झाली नाही म्हणाले, आणि पोपटरावांच्या गळ्यात माळ घातली. शेजारच्या वाघाला मुद्दाम निरोप गेला.

पाणी ओसरलं, तसे ससे नवी बिळं खणायला खाली उतरू लागले. पोपटराव लगबगीने आडवे आले. वाघ येऊन बघून जाईपर्यंत कोणी उतरायचं नाही. आणि हो, बंधारा गेला असला तरी त्याची तपासणी चालूच आहे, तेव्हा घोरपडबाईंनी पाटी पुन्हा घालावी.

रुपीने भिजलेल्या पोराला पोटाशी धरलं आणि बाईंकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच बाईंना जास्त लागलं.

"मावशी, आम्ही रस्त्यावर आलो ना हो?"

पोपटराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "रस्त्यावर नाही गं. प्रगतिपथावर."

तात्पर्य : रस्त्यावर यायची वेळ आली तर लगेच रडू नये. आधी रस्त्याचं नाव विचारून घ्यावं.