एकूण एक, हजर एक

महिन्याचा पहिला रविवार, थंडीचे दिवस, संध्याकाळचे साडेसहा. मंठा गावच्या एका कॉलनीत बद्रीनाथांच्या घरातून भोंगा वाजला आणि एकाही माणसाने मान वर केली नाही.

यात लोकांचा काही दोष नाही. वर्षभरापूर्वी पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा अर्धी कॉलनी बादल्या घेऊन धावत आली होती. बद्रीनाथांनी त्यांना फाटकावरच अडवलं आणि चांगलं वीस मिनिटं समजावून सांगितलं, की ही आग नाही, आगीचा सराव आहे, याला ड्रिल म्हणतात, दर पहिल्या रविवारी ही होणार, तेव्हा उगाच कुणी हातातलं काम टाकून यायचं नाही. लोक शहाणे. दुसऱ्या महिन्यापासून बादली घेऊन कुणी आलं नाही.

बद्रीनाथांची बत्तीस वर्षं समुद्रकाठच्या एका अणुवीज केंद्रात गेली, तीही अग्निशमन विभागात. तिथे सगळंच नियमाने चालायचं. सगळी वीज गेली तरी माणसाला बाहेरची वाट दिसली पाहिजे, म्हणून वाटेवर बॅटरीचे दिवे, एकेक आठ तास जळणारा. एका खोलीतली आग शेजारच्या खोलीत तीन तास तरी शिरता कामा नये, म्हणून तसल्या भिंती आणि तसले दरवाजे. भोंगा झाला की असाल तसे निघायचं, सामान घ्यायचं नाही, मागे फिरायचं नाही, ठरल्या जागी जमायचं. मग बद्रीनाथ माणसं मोजायचे. चारशे, साडेचारशे. बत्तीस वर्षांत आग एकदाही लागली नाही आणि त्यांचा आकडा एकदाही चुकला नाही.

निवृत्त होऊन ते बायकोसह मंठ्याला परतले आणि दीड वर्षात बायको गेली. घरात चार खोल्या उरल्या आणि माणूस एक. काय करणार बिचारे? त्यांनी पलंगापासून फाटकापर्यंत पाच दिवे बसवले, भिंतीवर बाण रंगवले आणि दर महिन्याला ड्रिल सुरू केली. मेन स्विच बंद करायचा, भोंगा वाजवायचा, बाणांप्रमाणे चालत फाटकाबाहेरच्या लिंबाखाली जायचं आणि रजिस्टरात लिहायचं: एकूण १, हजर १, बेपत्ता ०. स्वतःला मोजायला असा किती वेळ लागतो? पण ते सावकाश मोजायचे. घरात परत जायची त्यांना घाई नसायची.

पुण्याची लेक आकांक्षा दर रविवारी सातला फोन करी आणि दर रविवारी एकच प्रश्न विचारी. "पप्पा, तुम्ही घरात कुठं पडलात, अडकलात, तर कुणाला कळणार?" बद्रीनाथ म्हणत, बिलकुल काळजी करू नको, सगळी व्यवस्था आहे. शेवटी तिने बजावलं होतं, की एकदा जरी काही झालं तर मी काही ऐकायची नाही, सामान बांधायचं आणि इकडे यायचं. बद्रीनाथांनी ते कबूल केलं होतं. पुण्याला ते पंधरा दिवस राहून आले होते. अकरावा मजला. लेक-जावई सकाळी नऊला जात ते रात्री नऊला येत. बद्रीनाथांनी पहिल्याच दिवशी आगीच्या वेळचा जिना शोधून काढला, तर त्यात सायकली आणि चपलांची कपाटं. पंधरा दिवसांत त्यांच्याशी बोललं ते फक्त लिफ्टमधलं यंत्र. मंठ्यात निदान लिंबाखाली उभं राहिलं तर येणारा-जाणारा हात तरी वर करायचा.

शेजारी एक होत्या, समोरच्या घरातल्या द्वारकाबाई. त्यांचे दिवंगत मालक बद्रीनाथांचे जुने दोस्त, म्हणून या वहिनी आणि ते भावजी. दोन्ही पोरं नोकरीला संभाजीनगरला, त्यामुळे तिकडेही घर मोठं आणि माणूस एक. दुसऱ्या ड्रिलच्या वेळी त्या वाटीत गरम वांग्याचं भरीत घेऊन आल्या आणि सरळ फाटकातून आत निघाल्या. बद्रीनाथांनी त्यांना लिंबाखालूनच थांबवलं. "वहिनी, ड्रिल चालू आहे. इंचार्जनं सांगितल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. इथंच उभं राहायचं." द्वारकाबाई पंधरा मिनिटं वाटी धरून उभ्या राहिल्या. भरीत गार झालं. त्यांनी ते तसंच परत नेलं आणि त्यानंतर पहिल्या रविवारी त्या कधी फाटकाकडे फिरकल्या नाहीत. बद्रीनाथांना वाईट वाटलं होतं, पण नियम म्हणजे नियम.

तर त्या रविवारी भोंगा होऊन थांबला आणि बद्रीनाथ पलंगावरून उठले. फोन टेबलावरच ठेवला, कारण सामान घ्यायचं नाही. रजिस्टर आणि पेन तेवढं काखेत. पहिला दिवा चालू, दुसरा चालू, तिसरा चालू. चौथा होता वाटेला लागून असलेल्या बॅटरीच्या खोलीत. तिचं दार ढकलून त्यांनी डोकावलं, तर आत काळोख. ते तसेच दोन पावलं पुढे गेले आणि थबकले. मागे फिरायचं नाही, हे त्यांनी चारशे माणसांना बत्तीस वर्षं ओरडून सांगितलं होतं. पण रजिस्टरात 'दिवा क्र. ४ बंद' असं लिहायला हात धजेना. ते मागे फिरले.

वायर सैल झाली होती, दुसरं काही नाही. त्यांनी ती दाबली, दिवा लख्ख लागला, बद्रीनाथ खूश झाले. आणि मागे दार धप्पकन बंद झालं.

आता या दाराविषयी सांगायला हवं. इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्यांसाठी बद्रीनाथांनी तीन तास आग रोखणारं दार करून घेतलं होतं. जालन्याच्या एमआयडीसीतला मच्छिंद्र वेल्डर ते टेम्पोत घालून घेऊन आला. जाड पत्रा, मधे आग न धरणारा कापूस, आणि आपोआप मिटण्यासाठी अशी स्प्रिंग, की म्हैससुद्धा ढकलली गेली असती. फक्त आतून उघडायची कडी त्याने लावली नव्हती. "काका, आतून कशाला पाह्यजे? बॅटरी काय चालत बाहेर येनार हाय का?" असं म्हणाला होता. बद्रीनाथांनी आग्रह धरला तेव्हा त्याने कडीसाठी दोन भोकं पाडून ठेवली आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणून जो गेला तो गेलाच. रजिस्टरात तीन महिने नोंद होती: आतली कडी, प्रलंबित.

बद्रीनाथांनी दार ओढायचा प्रयत्न केला, पण धरायला काही नव्हतंच. पाने-पकडीची पेटी बाहेर होती, कारण बॅटरीच्या खोलीत दुसरी कुठलीही वस्तू ठेवायची नाही. त्यांनी कडीच्या भोकात पेन घालून आतली कळ फिरते का पाहिलं. पेन दाराच्या पोटात पडलं आणि तिथेच राहिलं. मग त्यांनी दोन्ही मुठींनी दार बडवलं. छताजवळ वीतभर झरोका होता, त्यातून रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. किराणा दुकानवाला कल्याण कुणाला तरी सांगत होता, "काही न्हाई, बद्रीकाकाची ड्रिल हाय. चालू द्या." मोटारसायकल निघून गेली.

बद्रीनाथांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. कल्याणला कळलं म्हणजे कॉलनीला कळलं, कॉलनीला कळलं म्हणजे आकांक्षाला कळलं, आणि मग अकरावा मजला. त्यांनी ठरवलं, आपलं आपण निस्तरायचं. मग त्यांनी बिजागरी नखाने खरवडली, दाराला खांदा लावला, उलट्या बाजूने पाय लावला. मच्छिंद्रचं काम मात्र पक्कं होतं.

सातला बाहेर फोन वाजला. पूर्ण वाजून थांबला, परत वाजला, परत थांबला. आता ती घाबरेल, कुणाला तरी पाठवेल, असं बद्रीनाथांना वाटलं. मग आठवलं, गेल्याच महिन्यात आपण तिला सांगितलंय, पहिल्या रविवारी फोन उचलला नाही तर समजून जायचं, ड्रिल लांबली आहे. ती बिचारी समजून गेली असणार.

बद्रीनाथ जमिनीवर बसले आणि त्यांनी हिशोब केला. दिवा जळणार रात्री अडीचपर्यंत. दूधवाला येणार सकाळी सहाला. मधले साडेतीन तास मिट्ट काळोख. थंडी आत्ताच फरशीतून वर चढत होती. पण थंडीचं काही नाही. त्यांच्या मनात आलं, केंद्रात चारशेत एक माणूस कमी भरला तर आपण अख्खी इमारत पालथी घातली असती, आणि आज आपण लिंबाखाली नाही आहोत, आणि मंठ्यात हे एकालाही ठाऊक नाही. बायको असती तर एव्हाना चहा गार होतोय म्हणून बोंबलली असती. त्यांना एकदम रडू आलं. थोडं रडलेही. कुणी बघणारं नव्हतंच.

आठ वाजत आले तेव्हा अभिमान वगैरे सगळं संपलं. ते बॅटरीच्या चौकटीवर चढले, झरोक्याला तोंड लावलं आणि हळूच म्हणाले, "कुणी आहे का?"

"हाय की," बाहेरून लगेच उत्तर आलं. "कव्हाची बसून राह्यले म्या."

बद्रीनाथ चौकटीवरून पडता पडता वाचले. आवाज द्वारकाबाईंचा होता आणि येत होता लिंबाखालून.

"वहिनी? तुम्ही कधी आलात?"

"भोंगा झाल्यावर जरा येळानं. दर बारीला तुम्ही लिंबाखाली येऊन काहीतरी लिवता. म्या वट्ट्यावरून बघते. आज कोनीच न्हाई आलं. म्हनलं, एक कमी हाय. मंग आल्ते इथं."

बद्रीनाथांनी मनात महिने मोजले. दर वेळी. म्हणजे बारा महिने. त्यांनी विचारलं, की मग दीड तास बाहेर बसून का राहिलात, आत का नाही आलात?

"आत कशी येनार? तुम्हीच सांगितल्तं ना भावजी, इंचार्जनं सांगितल्याबिगर कोनी आत जायचं न्हाई. माझं भरीत गार केल्तं तुम्ही."

"अहो वहिनी, मीच इंचार्ज आहे. मी सांगतो, या आत."

बाहेर बांगड्या वाजल्या. द्वारकाबाई विचार करत असाव्यात.

"पन तुम्ही तर बेपत्ता हायेत," त्या म्हणाल्या. "बेपत्ता मानूस इंचार्ज कसा ऱ्हाईल?"

हे बरोबर होतं. बत्तीस वर्षांत कुणी बद्रीनाथांना नियमात पकडलं नव्हतं. इंचार्ज सापडत नसेल तर जमलेल्यांत जो ज्येष्ठ तो इंचार्ज, असा नियम असल्याचं त्यांनी चौकटीवर उभ्या-उभ्या कबूल केलं.

"इथं तर मी एकलीच हाय."

"मग तुम्ही इंचार्ज."

"बरं. मंग मी मला सांगते, जा आत," द्वारकाबाई म्हणाल्या आणि फाटक वाजलं.

बाणांच्या उलट दिशेने, दिव्यांच्या उजेडात त्या कुठेही न ठेचकाळता सरळ आल्या. तीन तास आग रोखणारं दार त्यांनी बाहेरची कडी एका बोटाने फिरवून उघडलं. बद्रीनाथ बाहेर आले आणि सवयीने पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे वळले, तर द्वारकाबाईंनी त्यांना अडवलं. मोजणी राहिली होती. त्यांनी बद्रीनाथांना लिंबाखाली नेऊन उभं केलं, त्यांच्याकडे बोट करून एक म्हणाल्या आणि आपल्याकडे बोट करून दोन.

तेवढ्यात घरात फोन वाजला. बद्रीनाथांनी तो आणला. आकांक्षाने विचारलं, ड्रिल बरी झाली का? हो म्हणायला काय जात होतं? पण या माणसाने उभ्या जन्मात खोटी नोंद केली नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं, पेन दाराच्या पोटात पडल्यापर्यंत सगळं. मग ती म्हणाली, "पप्पा, बास झालं आता. मी शनिवारी गाडी घेऊन येते."

बद्रीनाथांनी मान खाली घातली. ठरलं होतं तसंच होतं. द्वारकाबाईंनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"बाळा, मी द्वारकाकाकू. एक इचारू का? तिकडं तुजे पप्पा लिफ्टमधी अडकले तर कव्हा कळंल तुला?"

आकांक्षाने मनात हिशोब केला असावा. "रात्री नऊला," ती म्हणाली.

"इथं मला मिनिटात कळलं. उशीर झाला त्यो नियमाचा. नियम बदलू आम्ही."

आकांक्षा यावर बघू म्हणाली, आणि लेक बघू म्हणाली म्हणजे शनिवार टळला, एवढं बद्रीनाथांना कळत होतं. त्या रात्री त्यांनी दुसरं पेन घेऊन रजिस्टर पूर्ण केलं. एकूण या रकान्यात एकावर काट मारून त्यांनी दोन लिहिलं.

पुढच्या पहिल्या रविवारी भोंगा झाला आणि बद्रीनाथ बाणांप्रमाणे लिंबाखाली आले. पाचही दिवे चालू. मच्छिंद्रकडून कडी बसवून घेतलेली. द्वारकाबाई मात्र आल्या नव्हत्या. ते थोडं थांबले, त्यांनी समोरच्या ओट्याकडे पाहिलं. ओटा रिकामा, घरात उजेड नाही. त्यांनी मोजलं. एक कमी. आणि बत्तीस वर्षं ज्याने जमायची जागा सोडली नव्हती तो माणूस, रजिस्टर तिथेच मातीत टाकून, कुणालाही न विचारता रस्ता ओलांडून पळत सुटला. त्यांनी दार ढकललं, अंधारात पाटाला ठेचाळले, वहिनी वहिनी म्हणत स्वयंपाकघरापर्यंत गेले.

द्वारकाबाई चुलीपाशी स्वस्थ बसल्या होत्या. पुढ्यात भरताची वाटी झाकून ठेवलेली.

"किती मिनिटं झाली भोंग्याला?" त्यांनी विचारलं.

बद्रीनाथांना धाप लागली होती. त्यांनी घड्याळ पाहिलं. "चार."

"बराबर हाय," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी वाटी त्यांच्याकडे सरकवली. "लिवा तुमच्या वहीत. आज माझी ड्रिल व्हती. खाऊन घ्या, गरम हाय तव्हर."