रामघाटावरील नृत्यचित्रणाची पूर्वतयारी

मुलांनो, कोणतेही काम आपोआप झाले तर ते कोणाच्या परवानगीने झाले हा प्रश्न उरतो. म्हणून समित्या असतात. कल्पना करा, तुम्ही अशाच एका समितीचे सभासद आहात. रामघाटाच्या पायरीवर बसा. (पायरी ओली आहे, ठरावानुसार ती कोरडी समजावी.)

समोर उभी आहे ती बकुळ, वय अकरा, घरात मराठी आणि घाटावर हिंदी. तिच्या वडिलांची बँकेने रांचीला बदली केली आहे; रविवारी संध्याकाळी गाडी. त्याआधी चार मैत्रिणींबरोबर एका गाजलेल्या पॉप गाण्याचा व्हिडिओ आपल्या घाटावर तसाच करायचा आणि सोबत न्यायचा, एवढेच तिचे मागणे. मूळ व्हिडिओ साडेतीन मिनिटांचा. तिची चूक एकच, तिने मोठ्यांना विचारले.

समितीने विषय गांभीर्याने घेतला. बारा दिवसांत नऊ सभा झाल्या. गाणे मात्र कोणी पूर्ण ऐकले नाही (मध्येच चहा येई). मूळ व्हिडिओतल्या फाटक्या जीन्स पाहून समितीतल्या प्रभावतीबाईंचा जीव कळवळला. त्यांनी त्या शिवून देण्याचे मान्य केले.

नाच शिकवणे ढुंढिराजशास्त्र्यांकडे आले, कारण पाठ करून घेण्यात त्यांचा हात धरणारा घाटावर कोणी नाही. वेदपाठशाळेत ते शब्द उलटसुलट म्हणवून घेतात: पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा, मगच तिसऱ्याकडे वळायचे. या रीतीने पिढ्यान् पिढ्या एक मात्रा हललेली नाही. तीच रीत त्यांनी पावलांना लावली.

"शास्त्रीकाका, गाना संपून जातं, आमचं तिसरं स्टेप येतच नाही!"

"पहिली दोन पक्की झाली?"

"झोपेतसुद्धा करतो आम्ही."

"मग घाई कसली, बाळ? रांचीला काय पाय लागत नाहीत?"

या हिशेबाने नाच एकवीस मिनिटांचा होत होता. समितीने लगेच उपाय काढला: गाणे लांबवण्यासाठी उपसमिती.

रविवार उजाडला. दहावी सभा घाटावरच भरली. विषय: पहिले पाऊल उजवे की डावे.

"काका, आज माझी गाडी आहे," बकुळ म्हणाली.

अध्यक्ष बिंदुमाधवराव खरोखर हळहळले. "नोंद घ्या," ते म्हणाले. नोंद घेतली गेली. "आता, उजव्याच्या बाजूने कोण कोण?"

सगळ्यांचे हात वर गेले. तुमचाही.

बकुळने चपला काढल्या, त्यांच्या टेकूने वडिलांचा मोबाईल उभा केला, "चलो रे" म्हणाली आणि गाणे लावले. पाचही जणी नाचल्या. पावले दोनच, पुढे आणि मागे, साडेतीन मिनिटे. एकीचेही चुकले नाही.

रांचीच्या शाळेत नव्या मैत्रिणीने तो व्हिडिओ पाहिला. मागच्या पायरीवरच्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून तिने विचारले, "ये कौन हैं?"

बकुळने तुमचा चेहरा मोठा करून पाहिला.

"पता नहीं. हाथ तो उधर उठाया है, पर देख हमको रहे हैं."

आणि तिने गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले.